खुडूक कोंबडीला रोज उठवावेच

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की तिला हात लावू नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. पिल्ले निघायला 21 दिवस लागतात. या काळात तिची भूक इतकी मंदावते की काही कोंबड्या आपणहून उठतच नाहीत. वजन घटते, त्यात गोचिडांचा त्रास झाला तर ती अर्ध्यावरच अंडी सोडते. म्हणून दिवसातून एकदा तिला उचलून दाणे, पाणी आणि अंग घुसळायला कोरडी माती द्यावी. उचलण्याआधी पंखाखाली अडकलेले अंडे सोडवावे, नाहीतर ते पडून फुटते.

अंडी गार पडतील, ही भीती पंधरा-वीस मिनिटांसाठी बाळगायचे कारण नाही. अंड्यातली ऊब हळूहळू उतरते आणि रानकोंबडीही चरायला उठतेच. शिवाय कोंबडी बाहेर शिटली की डालगे स्वच्छ राहते. शेवटचे तीन दिवस मात्र अपवाद. तेव्हा पिल्लू कवच फोडण्याच्या बेतात असते, ऊब आणि ओलावा टिकायला हवा. त्या दिवसांत दाणापाणी चोचीजवळ ठेवावे, तिला उठवू नये.