चारशे आठ विजयांचा हिशेब

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या शिक्षणसंस्थांविषयी वाचत असताना मी एका आकड्यापाशी थबकलो : 408. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या लहानशा गावातल्या महाविद्यालयाला फुटबॉल-प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी मिळवून दिलेले हे विजय. पराभव 165, बरोबरी 15. हे फुटबॉल आपल्या ओळखीचे नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा तो अमेरिकी खेळ. विक्रमांच्या यादीत हा आकडा कौतुकाने छापला जातो. मला मात्र त्याच्या मागचा हिशेब पाहावासा वाटला.

रॉबिन्सन 1941 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्रॅम्बलिंगला आले. त्याआधी ते पशुखाद्याच्या गिरणीत मजुरी करत होते. मैदानाची निगा राखण्यापासून खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधण्यापर्यंत सारे त्यांच्याच अंगावर होते. प्रवासात गोऱ्यांची उपाहारगृहे दारात उभे करत नसत, म्हणून सँडविचेस बरोबर न्यावी लागत. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही.

दक्षिणेतील गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे गुणी मुले ग्रॅम्बलिंगसारख्या संस्थांकडे वळत. रॉबिन्सन यांच्या हाताखालून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. 1949 मध्ये टँक यंगर लॉस एंजेलिसच्या संघात गेले. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचलेले ते पहिले. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. त्या जागेला लागणारी बुद्धी काळ्या माणसापाशी नसते, असा समज तेव्हा रूढ होता. त्याला उत्तर म्हणून रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस यांना मुद्दाम घडवले. पुढे त्यांचेच शिष्य डग विल्यम्स यांनी जानेवारी 1988 मध्ये सुपर बोल जिंकून दिला. त्या जागेवरून तो जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

1985 मध्ये रॉबिन्सन यांनी अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा 323 विजयांचा विक्रम ओलांडला. ब्रायंट यांच्या अलाबामाच्या मुख्य संघातून 1971 पूर्वी एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला नव्हता. ती दारे उघडली आणि पूर्वी ग्रॅम्बलिंगला आली असती अशी मुले श्रीमंत विद्यापीठांकडे जाऊ लागली. ती का जाऊ नयेत? समतेच्या लढ्याचे ते फळच होते. पण त्याची किंमत अडचणीच्या काळात त्यांना आसरा देणाऱ्या संस्थांनी मोजली. रॉबिन्सन यांच्या शेवटच्या तीन हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत.

खेळाडूंसाठी उघडलेले दार प्रशिक्षकांसाठी मात्र तितके उघडले नाही. विची़टा स्टेट विद्यापीठाने 1979 मध्ये विली जेफ्रीज यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा वरच्या श्रेणीतील ती पहिलीच अशी नेमणूक ठरली. रॉबिन्सन यांना त्या वेळी ग्रॅम्बलिंगमध्ये 38 वर्षे झाली होती. 1997 मध्ये ते तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या जागी विल्यम्स आले.

म्हणून 408 हा आकडा मला निव्वळ पराक्रमाचा वाटत नाही. त्यात दुसरीकडे दार बंद असलेल्या मुलांचे बळ आहे, आणि अखेरच्या पराभवांत ती दारे उघडल्याची खूण. खेळाडूंनी तासाला वेळेवर जावे म्हणून वसतिगृहात पहाटे घंटा वाजवत फिरणाऱ्या या शिक्षकाचा हिशेब मांडायचा, तर दोन्ही रकाने वाचायला हवेत.