दोन बहिणी आणि वाचकांचे दोन पक्ष

जेन ऑस्टिन या आंग्ल लेखिकेची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही कादंबरी १८११ सालीं लंडन येथें निनांवी प्रसिद्ध झाली. १८१३ च्या जुलैपर्यंत पहिली आवृत्ति संपून लेखिकेस १४० पौंड मिळाले. वाचकांत मात्र दोन पक्ष पडले. कोणास संयमी एलिनॉर आवडते, तर कोणास तिची भावनाशील धाकटी बहीण मेरिअ‍ॅन. राजकन्या शार्लट हिनें १८१२ सालीं एका पत्रांत आपला स्वभाव मेरिअ‍ॅनसारखाच असल्याचें लिहिलें.

पस्तिशींतील कर्नल ब्रँडन फ्लॅनेलची बंडी घालण्याची गोष्ट बोलतो, म्हणून मेरिअ‍ॅन त्यास म्हातारा ठरविते. पुढें त्याच्याशींच विवाह करिते! असल्या विनोदानें वाचक सुखावतो. परंतु श्रोतेहो, कथेचें मर्म निराळें आहे. आपला प्रियकर दुसरीशीं वचनबद्ध आहे, हें दुःख एलिनॉर चार महिने मनांत ठेविते. कारण तें गुप्त ठेवण्याचा शब्द तिनें दिलेला असतो. सत्य कळतांच, तिला भावनाशून्य मानणारी मेरिअ‍ॅन ओशाळते. एका घरांत वाढलेल्या बहिणींची खरी ओळख तेथें होते. म्हणून एकीचाच पक्ष घेणाऱ्या वाचकास अर्धीच कादंबरी लाभते.