जवस गेला, ओल राहिली

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या भिवापूरच्या घरी ओट्याखालच्या कपाटाचा पल्ला फुगला. बसवणारा म्हणतो, "हवाच ओली आहे, भाऊ." म्हणजे पाऊस यंदाच पडायला लागला! भिवापुरी मिरचीच्या ढिगात हात घालून ओल सांगणाऱ्या गावाला हे ऐकवतात.

भुसा बांधायची विद्या तशी जुनी आहे. १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने जवसाचं तेल हवेवर घट्ट करून त्यात राळ नि बुचाचा भुसा कालवला आणि लिनोलियम काढलं. लाकडाचा भुसाही पुढे त्यात आला. मधली शंभरेक वर्षं सोडून देतो.

माझं दशक ऐंशीचं. धानाच्या बांधीत उतेऱ्याचा, म्हणजे उभ्या पिकातच फेकलेला, जवस असायचा. आमचा वाढई करवतीचा बारीक भुसा उन्हात कडक वाळवून चाळायचा, राळ विरघळवलेल्या तेलात मळून लांबी करायचा आणि ती चौकटीच्या भेगेत अंगठ्याने दाबायचा. मग कितीतरी दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही. ते बरोबरच होतं. जवसाचं तेल उडून सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. भुशाचा कण तेलाने पुरता वेढला गेला नाही, तर लाकडातलं सेल्युलोज पाणी ओढून घेतं. कण फुगतो, वाळताना आकसतो, तेलापासून सुटतो. पुढचं पाणी त्याच फटीतून शिरतं. म्हणून वाढई भर पावसाळ्यात लांबी भरायलाच नकार द्यायचा. मोरीच्या दाराला ही लांबीही काळी पडे, धुण्याच्या सोड्याने मऊ होई, हेही खरं. पण तो कुणाला 'वॉटरप्रूफ' म्हणून विकत नव्हता.

नव्वदीनंतर सोयाबीन आणि त्यामागे हरभरा आला, जवस हटला. घाण्या गेल्या, वाढईची पोरं फिटर झाली. गंमत म्हणजे आता प्रयोगशाळांत त्याच सोयाबीनच्या तेलाचं रेझिन करून त्यात लाकडाचा भुसा भरतात. तुकडा पाण्यात बुडवून वजन नि जाडी मोजतात. भुसा जास्त, तर सहसा पाणीही जास्त. आमच्या पल्ल्यात तर तेलाचा पत्ता नाही. लाकडाचा चुरा युरियाच्या रेझिनमध्ये दाबलेला, आणि ते रेझिन ओलीने स्वतःच सुटतं. वर चकचकीत सनमायका, खालची कापलेली कड मात्र उघडी.

दोष पावसाचा नाही, त्या उघड्या कडेचा आहे. पल्ला बसवून घेताना खालची कड आणि बिजागरीची छिद्रं आधी बंद करून घ्या. मिस्त्री कितीही घाईत असो, पैसे त्यानंतरच द्या.