पाटी कोरी कां?

बाळ शाळेंतून घरीं आलें, कीं वडील मंडळींचा प्रश्न ठरलेला: “आज काय लिहिलेंस?” बाळ सांगतें, “आम्ही खेळलों.” पाटी पाहावी, तर ती कोरी! आजोबांच्या कपाळाला आठी पडते आणि अशा शाळेंत पोर घालून लाभ तो काय, हा खल माजघरापर्यंत पोंचतो. म्हणून त्या ‘खेळलों’ या एका शब्दांत काय सामावलेलें असतें, तें आज वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

आपल्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. जिभेवर मात्र अजून ‘नगर’च येतें. येथील एखाद्या खेड्यांतील अंगणवाडीचा दिवस घेऊं. चपला ओळीनें लावणें हा तेथील पहिला धडा. मग हात धुणें, प्रार्थना आणि हजेरी. नांव पुकारल्यावर ओ देतांना चारचौघांत बोलण्याची भीड मोडते. अभिनयासह बडबडगीतें झालीं, कीं चिंचोके, खडे, पानें यांच्या राशी मांडावयाच्या. लहान-मोठें, हलकें-जड असें निवडतां निवडतां मूल गणिताच्या उंबरठ्याशीं येतें. माती मळून आणि मणी ओवून बोटांत बळ येतें. पुढें लेखणी धरावयाची ती याच बोटांनीं. नंतर गोष्ट, आणि शेवटीं खिचडीची किंवा उसळीची पंगत. सर्वांस वाढून होईपर्यंत थांबणें, हेंही तेथेंच अंगवळणीं पडतें.

हा क्रम कोणाची लहर नव्हे. जर्मनींत फ्रोबेलनें १८४० सालीं आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांचा बगीचा, हें नांव दिलें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. गरिबांचीं मुलें शाळेकडे येत नाहींत असें दिसतांच शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, आणि ‘अंगणवाडी’ जन्मास आली. १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेनें तेंच नांव देशभर नेलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळांतून शिकण्यावरच भर दिला आहे.

असा दिवस सर्वांच्या वांट्यास मात्र येत नाहीं. पाथर्डी-शेवगांवकडील कितीएक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. मुलेंही बरोबर जातात आणि त्यांची अंगणवाडी अर्ध्यावर सुटते. तेथें निदान पोटाचें कारण असतें. परंतु ज्यांच्या घरीं पुस्तकें आहेत, शिकविणारीं माणसें आहेत, त्यांनींच साडेतीन वर्षांच्या मुलास मुळाक्षरें गिरवावयास बसवून तोच दिवस हिरावून घ्यावा, याला काय म्हणावें? कोंवळ्या बोटांस न पेलणारें काम दिलें, तर अक्षराची गोडी लागण्याआधींच धास्ती बसते.

मुलाच्या प्रगतीची काळजी करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. केवळ पाटीवरून ती मोजूं नये, इतकेंच आमचें सांगणें. आज संध्याकाळीं बाळास विचारावें, “कोणाबरोबर खेळलास? गोष्ट कोणती ऐकलीस?” आणि तो सांगूं लागला, कीं मध्येंच न तोडतां ऐकावें. आजी मटार सोलीत असतील, तर चार शेंगा त्याच्याही पुढें टाकाव्या. दाणे मोजण्याची हौस त्याला आपोआप येईल, आणि लेखणीसाठीं बोटेंही तयार होतील.