काहून जाळता बाप्पा, ही नाट?

बार्शीटाकळी तालुक्यात कुठंही जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं काम निघालं की एकदा थांबून बघा. कवेलू एका बाजूला रचलेले, माती ट्रॉलीत, आणि लाकूड? बरं दिसेल ते भंगारवाल्याकडे, उरलेलं पाणी तापवायला. अकोल्याच्या बाजारात सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून माणूस परत फिरतो, आणि तेच सागवान त्याच्या अंगणात चुलीपाशी पडलेलं असतं. सुतारकाम शिकायची हौस असेल तर पहिलं दुकान हेच. उधारीही नाही.

दोन हजार वर्षं टिकलेला साग
कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत. त्या सागाच्या आहेत आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच. भाज्याच्या लेण्यात तर छताच्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला सोसत नाही. पण फक्त गाभ्यात! कडेच्या पांढरट भागाला हे कवच नसतं. तेव्हा तुमच्या तुळईची कड पोखरलेली दिसली तर अख्खी फेकू नका. कड तासा, आत माल असतो.

बादलीची परीक्षा
कोणतं लाकूड ते कळत नाही? छोटा सुका तुकडा बादलीत टाका. साग तरंगतो. सरळ तळाशी गेला तर अंजन असायची शक्यता मोठी. देशातल्या सगळ्यात जड लाकडांत त्याची गणती होते. नवशिक्यानं अंजनाच्या नादी लागू नये, पटाशीची धार आणि मनगट दोन्ही जातात. बाभूळ चिवट, म्हणून बंडीच्या चाकांना तीच. (ताजा तोडलेला साग मात्र पाण्यात बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात बुंध्याची साल गोल सोलून झाड उभ्यानंच वाळवायचे, मग नदीत सोडायचे.)

आधी चुंबक, मग आरा मशीन
जुन्या लाकडात लोहाराच्या हातचे चौकोनी खिळे दडलेले असतात, वरून दिसतही नाहीत. एका खिळ्यात रंध्याचं पातं खलास. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक काढा आणि लाकडावरून फिरवा. जिथं चिकटेल तिथं जंबूर. बाभळीत किंवा सागात खिळ्याभोवती निळा-काळा डाग दिसला तर ती कीड नव्हे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती करामत. भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर मात्र किडा आत जिवंत आहे. असं लाकूड घरात आणूच नका.

फुकट मिळालं तरी नको
एक, रेल्वेचा जुना स्लीपर. अकोला–पूर्णा मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. मीटरगेजच्या काळातला 6 फुटी लाकडी स्लीपर कुणाकडे पडला असेल तर मोह होईल. डांबरासारखा वास आला तर ते क्रिओसोट, म्हणजे लाकडात मुरवलेलं विषारी तेल. पाट, बाज, खेळणी, कशालाच चालत नाही. दोन, जुना ऑइलपेंट. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क बांधा आणि लेकरांना लांब ठेवा.

बनवायचं काय? बैल!
यूट्यूब बघून लोक एकदम डायनिंग टेबलाला हात घालतात. कशाला? आपल्या विदर्भात तान्हा पोळा आहे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. शिकाऊ माणसाला याहून चांगला अभ्यासक्रम नाही. धडासाठी जाड तुकडा, म्हणजे करवत सरळ चालवणं आलं. पायांना कुसू काढून धडाच्या भोकात बसवायचं, म्हणजे सुतारकामाचा मुख्य सांधा आला. पाठीचा उतार रंध्यानं नाही, कानशीनं. चाकं गोल झाली नाहीत तर बैल लंगडतो आणि गल्लीतलं पहिलं पोरगंच ते तोंडावर सांगतं. सांध्याला फेव्हिकॉल चालेल. 1959 मध्ये तो बाजारात येण्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस चुलीवर तापवून लावायचे, आणि त्याचा वास घरभर!

बैल जमला की पाट, मग स्टूल. एक लक्षात असू द्या: लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि वैशाखात आकसतं. जुन्या नाटेनं वऱ्हाडातले कितीतरी उन्हाळे खाल्लेले असतात, म्हणून ती ओल्या लाकडासारखी पिळत नाही. तरी रुंद फळी चारी बाजूंनी आवळून टाकू नका, तडकते.

पॉलिश शेतातलंच
जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडावर कडक होतं. कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं, त्यापेक्षा दुकानातलं डबल बॉइल्ड बरं. पुसलेलं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, आगपेटी लागत नाही. उघडं पसरून वाळवा.

जुनं लाकूड वापरणं गरिबीचं लक्षण, असं वाटणाऱ्यांसाठी: लंडनचं ‘लिबर्टी’ हे झगमगीत दुकान 1924 मध्ये दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या लाकडातून उभं राहिलं.

तेव्हा घर पाडायचा सौदा करताना ठेकेदाराला आधीच बजावा, लाकूड आमचं. दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वन कार्यालयात विचारून घ्या. आणि शेतातल्या उभ्या सागाला परवानगीशिवाय हात लावू नका, त्यासाठी 1964 पासून कायदा आहे.