सर्कशीतला वाघ

आमच्या आजोबांकडे सर्कशीचा एक जुना फोटो आहे. त्यात वाघ स्टुलावर बसलाय. मी म्हटलं, "किती शहाणा वाघ!" आजोबा म्हणाले, "पिंजरा फोटोत कुठं आलाय, बाळा?"

मित्रांनो, १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी भारतातली पहिली सर्कस काढली. ते आपल्या महाराष्ट्राचेच. वाघ-सिंहाचे खेळ बघायला लोक गर्दी करायचे. पण खेळ संपला की वाघ पुन्हा पिंजऱ्यात. आणि जंगलातला वाघ आपणहून स्टुलावर कशाला बसेल? प्राण्यांचे हाल होतात म्हणून १९९८ साली सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

परवा गावात माकडवाला आला होता. दादाने मोबाईलवर माकडाचा फोटो काढला. माकडाच्या गळ्यात दोरी होती. ती मात्र फोटोत आलीय.