महाविद्यालयीन परिसरातील देशी वनस्पतींची बाग : आखणी आणि ऋतुमानानुसार निगा

प्रस्तावना

कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 मध्ये वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलै महिना आणि वृक्षारोपण यांचे नाते शैक्षणिक संस्थांमध्ये दृढ झालेले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक खड्डे घेतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते, अहवालात संख्येची नोंद होते. पुढील वर्षी बऱ्याच ठिकाणी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावण्याची वेळ येते. रोप दगावते ते बहुधा पावसाळ्यात नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या एप्रिल-मे महिन्यांत. नेमक्या याच काळात परीक्षा आटोपून आवार ओस पडलेले असते. शैक्षणिक वर्षाची दिनदर्शिका आणि वनस्पतींची दिनदर्शिका या एकमेकींशी जुळत नाहीत, हे महाविद्यालयीन बागांच्या दुरवस्थेचे एक प्रमुख कारण होय. महाराष्ट्राच्या पठारी, कमी पावसाच्या भागातील महाविद्यालयांना डोळ्यांसमोर ठेवून देशी वनस्पतींच्या बागेची आखणी व निगा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कोकणातील आवारांसाठी सुरंगी, कोकम, सीताअशोक अशी वेगळी यादी करावी लागेल. पठारावर उघड्या मुरमात सीताअशोक लावणे म्हणजे सावली व ओलाव्याची गरज असलेल्या झाडाला शिक्षा देण्यासारखेच आहे.

देशी वनस्पती : संकल्पनेचा विचार

गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, तर नीलमोहर दक्षिण अमेरिकेतील. आपल्या रस्त्यांवर व आवारांत आज हीच झाडे बहुसंख्येने दिसतात. शोभेची म्हणून आणलेली घाणेरी माळरानांवर आणि जंगलांत किती पसरली आहे, हे निराळे सांगावयास नको. तथापि ‘देशी’ हा शब्द भावनेच्या भरात वापरणे योग्य नव्हे. देवपूजेतील झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे, देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिका खंडातून आलेला आहे आणि चिंचेचे मूळ आफ्रिकेत आहे. यांपैकी कोणतेही झाड उपटून टाकावे असे कोणी म्हणणार नाही. उलटपक्षी सप्तपर्णी हा अस्सल देशी वृक्ष आहे. पण अनेक शहरांत त्याची एकसुरी लागवड झाल्यामुळे शरद ऋतूतील त्याच्या उग्र गंधाविषयी रहिवाशांच्या तक्रारी होऊ लागल्या. यावरून वनस्पती कोठून आली हा प्रश्न एकटा पुरेसा नाही हे स्पष्ट होते. ती येथील चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची कोरड कशी सोसते, तसेच येथील कीटक व पक्षी यांच्याशी तिचे कोणते नाते आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

स्थानिक वनस्पती कोणत्या हे ठरविण्यासाठी अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची सूची सिद्ध केली व ती 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाली. एका महाविद्यालयाच्या प्राचार्याचे हे कार्य आजही वनस्पतिशास्त्र विभागांच्या कपाटांत सापडते. बागेची आखणी करताना मात्र ते क्वचितच उघडले जाते.

आखणीची सूत्रे

पठारावरील मोकळी, गवताळ जागा म्हणजे ‘पडीक’ जमीन, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांचा 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. मध्ययुगीन मराठी साहित्य व लोककथा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील कोरडा प्रदेश कित्येक शतकांपासून विरळ झाडांचा गवताळ प्रदेश असल्याचे दाखवून दिले. तो जंगल तोडून उघडा पडलेला नाही. मराठी आणि वनस्पतिशास्त्र हे दोन विभाग एकत्र येऊन काय करू शकतात याचाही हा नमुना होय. या निष्कर्षाचा बागेच्या आखणीशी थेट संबंध आहे. अशा आवारात दाटीवाटीने ‘घनवन’ उभारण्याचा अलीकडचा उत्साह तेथील मूळ निसर्गाला धरून नाही. गवताचा पट्टा, त्यात अंतराने उभी झाडे आणि कडेला तरवड, धायटी, निर्गुडी, कोरांटी यांसारखी झुडपे, ही रचना तेथे अधिक स्वाभाविक ठरते. तरवडाची पिवळीधमक फुले कोरड्या माळावरही येतात आणि त्याचे कुंपण पाण्यावाचून तग धरते.

हिरवळीचा म्हणजे लॉनचा मोह येथे आड येतो. मूल्यांकन समितीच्या भेटीच्या पंधरा दिवस आधी हिरवळीचे गालिचे अंथरले जातात आणि भाड्याच्या कुंड्या ओळीने मांडल्या जातात, हे दृश्य अपरिचित नाही. या हिरवळीची किंमत पाण्यात मोजावी. उन्हाळ्यात दररोज किमान 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तरी 1000 चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला 5000 लिटर पाणी द्यावे लागते. एका रोपास आठवड्यातून एकदा 20 लिटर या हिशोबाने तेवढ्याच पाण्यावर 250 रोपे आठवडाभर जगू शकतात. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या वेशीवरील महाविद्यालयाने यांतील काय निवडावे, हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न उरत नाही.

वृक्षांची निवड करताना त्यांच्या बहराचा क्रम लक्षात घ्यावा. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा आणि पळस निष्पर्ण अवस्थेत फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची तेथे रीघ लागते. चैत्र-वैशाखात बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हण फुलते. त्याच सुमारास कुड्याची पांढरी फुले येतात. पावसाबरोबर कळलावी, तेरडा व रानहळद वर येतात. पावसाळा सरता सरता सोनकी फुलते व पुढे कोरांटी बहरते. या क्रमात एखादे झाड काही आठवडे उघडेबोडके दिसणारच. वर्षभर हिरवेगार दिसण्याची अपेक्षा हीच परदेशी सदाहरित झुडपांच्या मागणीचे मूळ आहे. पानगळ हा रोग नसून कोरडा काळ निभावण्याची ती झाडाची रीत आहे, हे मान्य केल्याशिवाय देशी बाग होऊ शकत नाही.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, म्हणून ती पायवाटेपासून दूर असावी. अर्जुनास ओढ्याकाठची वा सांडपाणी मुरणारी जागा द्यावी. पळस काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीतही वाढतो. वड, पिंपळ, उंबर यांना इमारतीपासून व पाण्याच्या टाक्यांपासून दूर, ऐसपैस जागा हवी. कळलावीचा कंद विषारी असल्याने तेथे नामफलकाबरोबर सूचनाही लावावी. फरसबंदी करताना प्रत्येक खोडाभोवती निदान 1 मीटर माती उघडी ठेवणे अगत्याचे आहे. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले झाड काही वर्षांत वठू लागले म्हणजे त्याचे कारण कीड-रोगात शोधले जाते.

ऋतुमानानुसार निगा

शेतकऱ्याप्रमाणे बागेचेही वर्ष वैशाखात सुरू होते. खड्डे मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्यावेत. मुरमाड जमिनीत 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा आणि त्यात वरची माती व कुजलेले शेणखत भरावे. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींवर रोप लावण्याची घाई करू नये. आर्द्रा नक्षत्रात जमीन पुरेशी भिजल्यावर लावलेल्या रोपास मुळे पसरण्यासाठी पावसाळ्याचे तीन महिने मिळतात. सवडीने, म्हणजे ऑगस्टअखेरच्या एखाद्या कार्यक्रमात, लावलेल्या रोपास हा अवधी मिळत नाही. म्हणून समारंभाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने न ठरविता पावसाच्या सोयीने ठरवावी.

पावसाळ्यातील निगा म्हणजे मुख्यतः संयम होय. जुलै-ऑगस्टमध्ये बहाव्याची पाने अळ्यांनी कुरतडलेली दिसतात. त्यांतील अनेक अळ्या पिवळसर-पांढऱ्या ‘एमिग्रंट’ फुलपाखरांच्या असतात. झाडाला नवी पालवी येते. अळीची फुलपाखरे होतात. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉन लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते, तर रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ची पिढी वाढते. कीटकनाशकाचा एक फवारा हे सारे संपवितो. फुलपाखरू उद्यानाचा फलक लावून अळ्यांवर फवारणी करणारी बाग ही विसंगतीची परिसीमाच म्हणावी लागेल.

सर्वांत मोठी हानी हस्त नक्षत्राच्या सुमारास होते. गांधी जयंतीच्या स्वच्छता मोहिमेत आवारातील सारे गवत कापले जाते. तेरडा, सोनकी व अनेक गवतांचे बी तेव्हा पक्व झालेले नसते किंवा नुकतेच पडू लागलेले असते. सलग दोन-तीन वर्षे हे घडले म्हणजे हंगामी फुले नाहीशी होतात आणि त्यांची जागा गाजरगवत घेते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कापून उर्वरित गवत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राखावे. गाजरगवत व घाणेरी मात्र फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटावीत. यासाठी ती ओळखता येणारा माळी हवा. बहुतेक ठिकाणी हे काम बदलत्या कंत्राटी कामगारांकडे असते, हा या व्यवस्थेतील दुबळा दुवा आहे. कळलावीची वेल याच काळात वाळते. ती मेली असे समजून कामगार कंदासह उपटून फेकतो आणि पुढील पावसाळ्यात ती का उगवली नाही याचे आश्चर्य केले जाते. कंदांच्या जागी खुणेचे दगड मांडणे एवढाच यावर उपाय आहे.

हिवाळ्यात छाटणीची कामे उरकावीत. मोगऱ्यास डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटणी केली व नंतर खत-पाणी दिले की उन्हाळ्यात भरघोस फुले येतात. ताम्हणाला फुले नव्या फुटीवर येत असल्याने त्याचीही छाटणी याच वेळी करावी. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या तोडणे आवश्यक असते. पण एप्रिल ते जुलै हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्याने प्रत्येक झाड आधी पाहून घ्यावे. नागरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी 1975 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार परवानगी लागते, हेही विसरता कामा नये.

फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते आणि आवारात पाचोळ्याचे ढीग पेटू लागतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, तरी सवय मोडलेली नाही. हाच पाचोळा रोपांच्या आळ्यात 8 ते 10 सेंटिमीटर जाडीने पसरल्यास ओल टिकते आणि त्याचे खतही होते. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी म्हणजे बुंधा कुजत नाही व वाळवीही लागत नाही. रोज थोडे पाणी शिंपडल्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात. आठवड्यातून एकदा 15 ते 20 लिटर पाणी सावकाश मुरू दिल्यास ती ओलीच्या शोधात खोल जातात. पहिले दोन उन्हाळे ही काळजी घेतली की पळस, करंज, कडुनिंब यांसारख्या झाडांना पुढे पाण्याची फारशी गरज भासत नाही.

सुटीतील पाण्याची व्यवस्था हा यातील खरा कळीचा मुद्दा आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या साधारण 9 आठवड्यांत प्रत्येक रोपास 9 पाळ्या द्याव्या लागतात. कोण, कोणत्या वारी, किती रोपांना पाणी देणार हे मार्चअखेरच्या बैठकीत लेखी ठरावे आणि या कामाचा मोबदला अंदाजपत्रकात दाखविला जावा. ही तरतूद जितक्या रोपांना पुरेल तितकीच रोपे लावावीत. 50 रोपे लावून 45 जगविणे हे 500 लावून छायाचित्र काढण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. मूल्यांकनाच्या तक्त्यात मात्र अजून लावलेल्या रोपांचा आकडाच अधिक उठून दिसतो.

रोपांची उपलब्धता

देशी रोपे रोपवाटिकांत मिळत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते व ती बऱ्याच अंशी खरी आहे. परिसरातील जुन्या झाडांचे बी गोळा करून महाविद्यालयातच रोपे तयार करणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांशी ते सहज जोडता येते. वावळाचे बी एप्रिल-मेमध्ये झडते. पळसाच्या चपट्या शेंगा त्याच सुमारास तयार होतात. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात. त्यांची उगवणक्षमता काही आठवडेच टिकत असल्याने त्या ताज्याच पेराव्यात. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या खरबरीत दगडावर घासून रात्रभर पाण्यात भिजवाव्या लागतात. जूनमध्ये पिशव्यांत पेरलेली ही रोपे त्याच वर्षी लावण्याजोगी होत नाहीत. ती एक उन्हाळा रोपवाटिकेच्या सावलीत काढतात आणि पुढील आर्द्रा नक्षत्रात जमिनीत जाण्यास योग्य होतात. म्हणून रोपवाटिकेचा पहिला हप्ता ज्या वर्षी पेरला जाईल, त्या वर्षी वृक्षारोपणाचा कार्यक्रम न घेता केवळ खड्ड्यांच्या जागा आखून ठेवाव्यात.